सिनबायोटिक पूरके आणि पीसीओएस

आतड्यातील उपकारक जिवाणू (प्रोबायोटिक) आणि जिवाणूंचे तंतुमय खाद्य (प्रीबायोटिक) यांचे मिश्रण म्हणजे सिनबायोटिक. गिब्सन व रोबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये ही संज्ञा मांडली. पुड्या-कॅप्सूलमध्ये बहुधा लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम आणि इन्युलिन असते.

ही पूरके ज्यासाठी सुचवली जातात त्या पीसीओएसचे (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, स्त्रियांतील संप्रेरक-विकार) निदान २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार होते : अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीत बीजांडकोशात दिसणारी अनेक लहान पुटके, यांपैकी दोन हवीत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुलींत या निकषांनी प्रमाण २२.५ टक्के भरले, तर अधिक कडक निकषांनी १०.७ टक्के. तेव्हा आकडा ऐकला की आधी निकष विचारावा.

या विकारात पुष्कळ स्त्रियांच्या शरीराला इन्शुलिन नीट लागू पडत नाही. सडपातळ स्त्रियाही त्याला अपवाद नाहीत. वाढलेले इन्शुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके बनवण्यास भाग पाडते. आतड्याचे अस्तर झिरपू लागल्यास जिवाणूंची विषद्रव्ये रक्तात उतरतात, मंद दाह सुरू होतो आणि इन्शुलिनचे काम बिघडते, असे गृहीतक ट्रेमेलेन व पिअर्स यांनी २०१२ मध्ये मांडले. उलट, तंतू आंबवून जिवाणू जी लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात, ती हे अस्तर सांभाळतात.

पीसीओएसमधील सिनबायोटिकच्या चाचण्या बऱ्याचशा इराणमधल्या, लहान आणि बहुधा दोन-तीन महिन्यांच्या. काहींत उपाशीपोटीचे इन्शुलिन व ट्रायग्लिसराइड उतरले, काहींत फरक नगण्य. पाळी नियमित होते किंवा गर्भधारणा सुलभ होते, याला भक्कम पुरावा नाही. म्हणून आहार, व्यायाम आणि गरजेनुसार मेटफॉर्मिन हेच उपचारांत पुढे. सिनबायोटिक फार तर जोडीला.

मग रोजच्या खाण्यातून सिनबायोटिक मिळते का? सुरतेचे उदाहरण घेऊ. तिथला खमण आंबवलेला खरा, पण वाफेवर जिवाणू मरतात. त्याला सिनबायोटिक म्हणता येणार नाही. हिवाळ्यातला पोंक (आपला हुरडा) आणि सुरतेच्या लिंबायत-उधना भागांतील खानदेशी घरांतली कळण्याची भाकरी तंतू देतात. सोबत ताजे ताक घेतले तर जिवंत जिवाणूही मिळतात, मात्र ते चाचणीत पारखलेल्या वाणाचे असतीलच असे नाही.

भारतीय नियमांनुसार प्रोबायोटिकच्या रोजच्या मात्रेत सामान्यतः किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. उष्णता व दमटपणाने ते घटतात, म्हणून सुरतेच्या उन्हाळ्यात वेष्टनावरची साठवणुकीची सूचना किमतीइतकीच लक्ष देऊन वाचावी. प्रतिकारशक्ती फार क्षीण असलेल्यांनी ही पूरके डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत.