नकाशा तपासतो कोण? सातारा-सांगलीच्या मोजणीची गोष्ट

१/ ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. अशा वेळी बोट कोणत्या वस्तीकडे न्यायची, कोणता रस्ता अजून पाण्याबाहेर आहे, हे नकाशाला विचारावे लागते. नकाशाच चुकलेला असेल तर? हा प्रश्न जुना आहे.

२/ १८२८ च्या सुमारास पुणे जिल्ह्यात प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी व प्रतवारी आरंभली. सिद्धांत विद्वत्तेचा होता. परंतु शेतावर नोंदी करणाऱ्यांवर पुरेशी देखरेख नव्हती. लाचलुचपत झाली, नोंदी खोट्या निघाल्या. त्यांवर बसवलेला सारा रयतेला पेलवेना.

३/ १८३५ साली इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांनी काम नव्याने हाती घेतले. प्रतवारीचे वर्ग सुटसुटीत केले. हाताखालच्यांच्या कामाचा काही भाग वरिष्ठांनी शेतावर जाऊन पुन्हा तपासावा, असा दंडक घातला. हद्दी जागेवर खुणांनी कायम केल्या. त्यामुळे चूक शेतकऱ्यालाही दिसू लागली.

४/ सातारा तेव्हा छत्रपतींचे संस्थान होते. १८४८ मध्ये डलहौसीने ते खालसा केले आणि त्यानंतर ही पद्धत तेथे आली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, ४० गुंठ्यांचा एकर ही मापे गावोगाव रुळली.

५/ नावे मात्र स्थिर राहिली नाहीत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला; १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली झाले. वाळवा तालुक्याचे मुख्यालय वाळवा गावी नसून इस्लामपुरात आहे, आणि त्या शहरास ईश्वरपूर नाव देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. शिवाय एकाच नावाची बुद्रुक आणि खुर्द अशी जोडगावे आहेतच.

६/ २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. हा नकाशा कोणीही दुरुस्त करू शकतो. उपग्रहचित्रावरून रस्ते, छपरे रेखता येतात. नाव मात्र चित्रात दिसत नाही. दूरचा स्वयंसेवक बुद्रुकचे नाव खुर्दवर लिहितो, किंवा रोमन अक्षरांवरून ‘वाळवा’चे ‘वालवा’ करतो.

७/ तेथे प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला याची नोंद राहते. मराठी नावाला आणि जुन्या नावाला स्वतंत्र रकाने आहेत. ओढ्यापाशी न जोडलेला रस्ता संगणक शोधून देतो. चुकीचे नाव पकडायला मात्र त्या गावचाच माणूस लागतो.

८/ विंगेटच्या काळी तपासणारा सरकारी साहेब होता आणि हेतू साऱ्याचा होता. आज तो अधिकार गावाकडे आला आहे. आपल्या वाडीचे नाव बरोबर आहे का, ओढ्यावरचा फरशी पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो का, हे एकदा पाहून नोंदवावे. पुढच्या महापुरात बोट त्याच नोंदीवरून निघेल.