बघ्या आणि साक्षीदार : मुंबई बंदराच्या भिंतीबाहेरचा इतिहास

यवतमाळात बसून जहाजांवर व्याख्यान कशाला, हा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात असणारच. इथून मुंबईचा समुद्र साडेसहाशे-सातशे किलोमीटर लांब. पण आपल्या जिल्ह्याचा आणि त्या बंदराचा संबंध जुना आहे. वऱ्हाडातला कापूस जिनात जायचा, त्याच्या गाठी बांधल्या जायच्या, त्या रेल्वेने मुंबईला पोचायच्या आणि तिथून आगबोटीत चढून लँकेशायरच्या, पुढे जपानच्याही गिरण्यांकडे निघायच्या. आपली यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला, किलिक निक्सन कंपनीची अडीच फुटी रुळांची गाडी, ही मुळात त्या कापसासाठी टाकलेली. आपल्या शेतातल्या बोंडाने जहाज पाहिलं. ते वेचणारीने मात्र कधी पाहिलं नाही.

तर आजचा प्रश्न असा. बंदरातलं जहाज सामान्य माणसाला पाहता येणं ही नुसती हौस आहे, की त्याला काही सार्वजनिक किंमतही आहे? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बंदरांची सुरक्षा कडक झाली आणि हे पाहणं जवळजवळ बंद झालं. त्यात काय गेलं, याचा हिशेब कोणी मांडला नाही. तो मांडायचा प्रयत्न करू.

मराठीत एक शब्द आहे, ‘बघ्या’. अपघात झाला, आग लागली की ‘बघ्यांची गर्दी’ जमते, असं आपण म्हणतो. शब्दात तुच्छता आहे. बघ्या म्हणजे रिकामटेकडा, मधे येणारा. आणि दुसरा शब्द आहे ‘साक्षी’. सांख्यांनी पुरुषाला साक्षी म्हटलं, द्रष्टा म्हटलं. तोही काही करत नाही, फक्त पाहतो; पण त्याच्या पाहण्याला केवढा मान! म्हणजे एकाच कृतीची ही दोन नावं. कोणतं नाव द्यायचं हे पाहणाऱ्यावर ठरतं, की त्याच्याकडे पाहणाऱ्या सत्तेवर? मुंबई बंदराचा इतिहास या प्रश्नाला बरंच उत्तर देतो.

आधी लोक काय पाहायचे ते बघा. विमानं रूढ होण्यापूर्वी परदेशी जाणारा-येणारा प्रत्येक माणूस धक्क्यावरूनच जायचा-यायचा. गांधीजी ४ सप्टेंबर १८८८ला मुंबईहूनच विलायतेला निघाले. ९ जानेवारी १९१५ला ते अपोलो बंदरावर उतरले आणि २८ डिसेंबर १९३१ला, गोलमेज परिषदेहून परतताना, बॅलार्ड पिअरवर. तेव्हा स्वागताला माणसांचा पूर लोटला होता. २८ फेब्रुवारी १९४८ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीतून बाहेर पडली. साम्राज्य गेलं हे लोकांनी पुस्तकात वाचायच्या आधी डोळ्यांनी पाहिलं.

फेब्रुवारी १९४६चं नौसैनिकांचं बंड आठवा. १८ तारखेला ‘तलवार’ या नाविक तळावर संप सुरू झाला आणि बघता बघता बंदरातल्या जहाजांवर काँग्रेसचे, लीगचे आणि लाल असे तिन्ही झेंडे चढले. किनाऱ्यावरची माणसं ते पाहत होती. सैनिकांची रसद तोडल्याचं कळलं तेव्हा याच माणसांनी गेटवेपाशी फळं, भाकरी, जे हाताला लागेल ते आणून दिलं. बघ्याचा सहभागी झाला. मधे भिंत असती तर ते झालं नसतं.

पण म्हणून पूर्वी सगळं मोकळं होतं असं समजू नका. गोदीची भिंत जुनीच आहे. १८७३मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८०मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, अशा गोद्या झाल्या. शहराच्या पूर्व किनाऱ्याचा मोठा पट्टा तेव्हाच नागरिकांच्या हातून गेला. ती भिंत जकात चुकू नये आणि मालाची चोरी होऊ नये म्हणून होती. १९२३च्या शासकीय गुपितांच्या कायद्याने तिच्यावर दुसरी अदृश्य भिंत चढवली. ‘फोटो काढण्यास सक्त मनाई’ ही पाटी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे.

या दोन भिंतींनी काय राखलं? १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ हे जहाज उभं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्यांच्या संगतीला कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापूस आणि दारूगोळा एकत्र! आपल्याकडच्या कुठल्याही जिनातल्या हमालाला विचारा, तो कपाळावर हात मारेल. दुपारी आग लागली, चारच्या सुमारास स्फोट झाला. शेकडो माणसं मेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. आता गंमत बघा, गंमत कसली, दुःखच आहे. सगळ्या शहराने धूर पाहिला, आवाज ऐकला; पण तपशील छापायला परवानगी नव्हती. सविस्तर बातमी दुसऱ्या दिवशी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. आपल्या वृत्तपत्रांवरची बंदी मे महिन्यात उठली. म्हणजे गुप्तता पाळली गेली ती शत्रूपासून नाही, स्वतःच्या नागरिकांपासून.

आता अलीकडे येऊ. जहाज लोकांच्या नजरेआड का गेलं? सगळा दोष सुरक्षेवर टाकणं सोपं आहे, पण खरं नाही. पहिलं कारण विमान. प्रवासी बोटी संपल्या, निरोपाचे रुमाल धक्क्यावरून विमानतळावर गेले. दुसरं कारण कंटेनर. न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९मध्ये सुरू झालं आणि माल खाडीपलीकडे गेला. पूर्वी जहाज आठवडा-आठवडा धक्क्याला असायचं. कंटेनरचं जहाज तासांच्या हिशेबाने येतं आणि जातं. सुरक्षा हे तिसरं कारण, पण शेवटचा खिळा तिने ठोकला.

तो असा. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१चे हल्ले झाले. त्यानंतर डिसेंबर २००२मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची परिषद भरली आणि जहाजं व बंदरं यांच्या सुरक्षेची एक संहिता मंजूर झाली. तिला आयएसपीएस कोड म्हणतात. १ जुलै २००४पासून ती जगभर लागू झाली. परदेशी जाणारी सगळी प्रवासी जहाजं, ५०० टनांवरची मालवाहू जहाजं आणि त्यांना सेवा देणारी बंदरं तिच्या कक्षेत आली. प्रत्येक जहाजावर सुरक्षा अधिकारी, प्रत्येक बंदराचा सुरक्षा आराखडा, धोक्याच्या तीन पातळ्या, आणि काम नसेल त्याला आत प्रवेश नाही. ‘काम नसलेला माणूस’ ही बघ्याची नेमकी व्याख्या! याचा फटका फक्त हौशी माणसाला बसला नाही. खलाशालाही किनाऱ्यावर उतरणं अवघड झालं. आमच्या कोकणातला खलाशी महिनोन् महिने समुद्रावर असतो. बंदर लागलं तरी कुंपणातच.

मुंबईत तर आधीच जखमा होत्या. २५ ऑगस्ट २००३ला गेटवेपाशी बॉम्बस्फोट झाला. मग २६ नोव्हेंबर २००८. जिथे पूर्वी माणूस सरळ चालत पाण्याच्या कठड्याशी जायचा, तिथे अडथळे आले, तपासणी आली.

हे चूक होतं असं मी म्हणत नाही. १९९३च्या स्फोटांत २५७ माणसं गेली, २००८च्या हल्ल्यात १६६. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला कुंपणाच्या तोट्यांवर प्रवचन देणं बरं नव्हे. पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला विचारावं लागतं की धोका आला कुठून, आणि भिंत बांधली कुठे?

१९९३ची स्फोटकं रायगड जिल्ह्यात दिघी आणि श्रीवर्धन तालुक्यातलं शेखाडी इथे उतरली. मोठ्या बंदरात नाही. त्या खटल्यात सीमाशुल्क आणि पोलिस खात्यातली काही माणसंसुद्धा दोषी ठरली. म्हणजे फाटक होतं, पहारेकरी होता. पहारेकरीच फितूर होता. २००८ला आयएसपीएस लागू होऊन चार वर्षं झाली होती. पण दहा हल्लेखोर कुठल्या गोदीत आलेच नाहीत. ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट त्यांनी पळवली आणि रबरी होडीतून कफ परेडजवळ, बधवार पार्कच्या शेजारच्या मच्छीमार वस्तीत उतरले.

आणि त्यांना पहिल्यांदा पाहिलं कोणी? रडारने नाही. त्या वस्तीतल्या माणसांनी. तुम्ही कोण, कुठून आलात, असं त्यांनी हटकलं. त्यांना उलट उत्तर मिळालं, आणि पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. पण लक्षात घ्या, त्या वस्तीतल्या एका रहिवाशाची साक्ष पुढे खटल्यात झाली. होडी लागताना पाहणारा माणूस न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभा राहून सांगतो, की होय, मी पाहिलं. बघ्या आणि साक्षीदार यांच्यात अंतर किती, ते इथे कळतं. अंतर एवढंच, की त्याला कोणी विचारलं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू ऐका, ती आपल्या यवतमाळशी थेट जोडलेली आहे. लंडनच्या त्याच परिषदेने आणखी एक निर्णय घेतला. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र बसवण्याची मुदत अलीकडे आणून ती २००४च्या अखेरीपर्यंत केली. हे यंत्र रेडिओवरून सतत सांगत राहतं, माझं नाव अमुक, मी इथे आहे, या दिशेने, या वेगाने चाललोय. संदेश खुला असतो. अँटेना असेल तो ऐकू शकतो. हौशी लोकांनी ऐकला आणि इंटरनेटवर टाकला. डिसेंबर २००४मध्येच सागरी संघटनेच्या समितीने हे सुरक्षेला घातक असल्याचं म्हटलं. पण कोण थांबतो? २००७मध्ये ग्रीसमधल्या एका विद्यापीठाच्या प्राध्यापकाने मरीनट्रॅफिक सुरू केलं. आज आर्णीतली, पुसदमधली मुलगी मोबाइलवर सांगू शकते की न्हावा-शेव्याला या क्षणी कोणतं जहाज लागलंय. ज्या वर्षी दार बंद झालं, त्याच वर्षी खिडकी उघडली.

मग तक्रार कसली? इथे नैयायिकांचा जुना भेद कामाला येतो, प्रत्यक्ष प्रमाण आणि शब्द प्रमाण. धक्क्यावर उभं राहून जहाज पाहणं हे प्रत्यक्ष. पडद्यावरचा त्रिकोण हा शब्द, तोही जहाजाने स्वतःबद्दल दिलेला. शब्द प्रमाण मानायचं तर सांगणारा आप्त हवा, विश्वासू हवा. यंत्र बंद करता येतं, खोटी जागा सांगता येते, आणि छोट्या होडीला ते नसतंच.

२०११चा जून. ‘विस्डम’ नावाचं जुनं जहाज मोडीसाठी अलंगला ओढून नेत होते. दोर तुटला आणि ते जुहूच्या वाळूत रुतलं. पुढच्याच महिन्यात, ३१ जुलैला, ‘पवित’ नावाचं छोटं तेलवाहू जहाज त्याच किनारपट्टीला लागलं. ओमानजवळ खलाशांनी ते सोडून दिलं होतं, बुडालं असंच सगळे समजत होते. आत माणूस नाही, यंत्र बंद. ते कोणता शब्द देणार? २००८नंतर उभारलेली नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलिस अशी तिपेडी सुरक्षा ओलांडून ते थेट चौपाटीवर! पण मला त्या वेळची दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ही जहाजं पाहायला जुहूला जत्रा लोटली. बायका, पोरं, भेळवाले. समुद्राच्या काठी वसलेल्या शहरातली माणसं जहाज जवळून पाहायला धावली, कारण एरवी ते दिसतच नव्हतं. भूक होती म्हणून गर्दी झाली.

मग करायचं काय? कुंपणं पाडा असं मी म्हणणार नाही. पण पाहण्याची जागा ठरवून देता येते. अमेरिकेत डुलुथ नावाचं गाव आहे, समुद्रापासून फार आत, सुपीरियर सरोवराच्या काठी. तिथे उचलत्या पुलाखालून मोठी जहाजं जातात आणि कालव्याच्या काठावर उभे राहून लोक ती अगदी जवळून पाहतात. त्याच अमेरिकेच्या तटरक्षक दलाने पुढे नागरिकांनाच सांगितलं, पाण्यावर काही वेगळं दिसलं तर कळवा. आपल्याकडेही २००८नंतर कोळीवाड्यांना सोबत घ्यायला सुरुवात झाली. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक त्यासाठीच आहेत. म्हणजे सरकारलाही कळलंय की किनाऱ्यावरचा डोळा कामाचा आहे. पण ज्याला पाहूच दिलं नाही, तो कळवणार काय? कोणतं जहाज रोजचं आणि कोणतं वेगळं, हे ओळखायला रोज पाहावं लागतं. ती नजर सवयीने तयार होते, आणि सवय मोडली की पिढीभरात जाते.

आजही भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला किंवा गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलात तर नांगरलेली जहाजं जवळून दिसतात. काही रुपयांच्या तिकिटात एवढंच शिल्लक आहे. मुंबईला गेलात तर जरूर बसा, पोरांना सोबत न्या. जहाजाचं नाव वाचा, मागे लिहिलेलं बंदराचं नाव वाचा, झेंडा कोणाचा ते त्यांना विचारा.

भिंत बांधणाऱ्याला आपण एकच गोष्ट विचारायची आहे. ही भिंत कोणाला बाहेर ठेवते, आणि आत काय चाललंय ते पाहणारं कोण उरतं? १९४४ला बाहेर फक्त धूर दिसला. २००८ला मच्छीमार वस्तीपुढे भिंत नव्हती, म्हणून निदान कोणीतरी पाहिलं.