भर दुपारचं भूत

माझा एक मित्र वसईचा. तीन वर्षं आम्ही एकाच प्रोजेक्टवर शेजारी-शेजारी बसायचो. त्याने दारू सोडली होती. स्टेशनहून घरी जाताना वाटेत त्याचा जुना बार लागतो, म्हणून हा पठ्ठ्या रोज दहा मिनिटांचा वळसा घालून जायचा. पावसातसुद्धा. असे चौदा महिने काढले आणि मग एका रिलीजच्या पार्टीत कोणीतरी हातात ग्लास दिला... पुढचं सांगत नाही. त्याला सगळ्यात जास्त लागलं ते नंतरचं. घरातलंच एक वडीलधारं माणूस त्याला म्हणालं, तुझा विश्वास कमी पडला, दुसरं काय!

पुढे दोन-तीन आठवड्यांनी चहाच्या टपरीवर तो मला म्हणाला, "आम्ही लहानपणापासून रोज देवाला सांगतो की बाबा, परीक्षेत आणू नकोस. म्हणजे आणणारा तोच ना? आणि त्याला सगळं आधीच माहीत असतं म्हणे. मग निकाल खिशात ठेवून पेपर काढणारा मास्तर पाहिलायस का तू कधी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राशी माझा संबंध वाचण्यापुरता. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि गेले काही शनिवार-रविवार त्यातच गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. जाणकारांनी चुका दाखवाव्यात, आगाऊ आभार :-)

आधी त्या शब्दाचं बघू. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत मराठी बायबलमध्ये 'परीक्षा' असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द 'पेइरास्मॉस', आणि घोळ असा की ग्रीकमध्ये हा एकच शब्द परीक्षेलाही चालतो आणि मोहालाही. आपल्याला मराठीत दोन वेगळे शब्द मिळालेत, त्यामुळे दर वेळी त्यातला एक निवडावा लागतो. परीक्षा घेणारा शिक्षक असू शकतो. मोहात पाडणारा मात्र आपला हितचिंतक नसतो. देव यातलं नेमकं काय करतो? बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात स्पष्ट म्हटलंय की देव कोणालाही मोहात पाडत नाही. आणि मत्तयच्या शुभवर्तमानात तितकंच स्पष्ट लिहिलंय की सैतानाकडून परीक्षा व्हावी म्हणून खुद्द पवित्र आत्म्यानेच येशूला रानात नेलं. चाळीस दिवस उपाशी. घ्या!

हा वाद जुना आहे, पण अजून मिटलेला नाही. फ्रान्समधल्या कॅथलिक चर्चने ३ डिसेंबर २०१७ पासून प्रार्थनेतली ती ओळच बदलली. १९६६ पासूनच्या जुन्या ओळीत देवच माणसाला मोहाच्या हवाली करतो असा सूर लागत होता, नव्या ओळीत मोहात शिरू देऊ नकोस अशी विनंती आहे. त्याच महिन्यात पोप फ्रान्सिस इटलीच्या टीव्हीवर बोलताना म्हणाले की जुना अनुवाद बरा नाही, पडतो तो मी, आणि बाप काही लेकराला ढकलून कसा पडतो ते बघत बसत नाही. इटलीतही २०२० मध्ये ओळ बदलली. पुष्कळ लोक चिडले, दोन हजार वर्षांची प्रार्थना बदलता म्हणजे काय! गंमत म्हणजे तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन ही ओळ जवळपास अशाच अर्थाने म्हणायचा: आम्हाला मोहात नेलं जाऊ देऊ नकोस. म्हणजे 'नवा' बदल सतराशे वर्षं जुना निघाला.

पण शब्द बदलून मित्राचं समाधान झालं नसतं. 'नेतो' च्या जागी 'नेऊ देतो' म्हटलं तरी प्रश्न तोच राहतो. का नेऊ देतो?

या प्रश्नावर आयुष्य घालवलेली माणसं शोधायची तर चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटात जावं लागतं. त्यातला पहिला मोठा माणूस म्हणजे अँथनी. (आपल्याकडे ज्याची चित्रं घरोघरी दिसतात तो पादुआचा अँथनी वेगळा, तो तेराव्या शतकातला.) हा साधारण २५१ सालचा. आईवडील लवकर गेले, विशीच्या आसपास चांगली सुपीक जमीन वाटून-विकून मोकळा झाला आणि गावाबाहेरच्या एका थडग्यात जाऊन राहिला. तिथे म्हणे सैतानाच्या फौजेने त्याला इतकं मारलं की लोकांनी मेलेला समजून उचलून आणलं. शुद्धीवर आल्यावर हा बाबा मित्राला म्हणतो, मला परत तिथेच नेऊन ठेव. पुन्हा मार. शेवटी छतातून प्रकाश आला, भुतं पळाली. आता कुठलाही सज्जन भक्त इथे हात जोडेल. अँथनीने विचारलं, इतका वेळ होतास कुठे? आधीच का नाही आलास? उत्तर आलं की मी इथेच होतो, तू कसा लढतोस ते बघायला थांबलो होतो.

हे सगळं अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने अँथनीच्या मृत्यूनंतर (३५६) थोड्याच वर्षांत लिहिलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते उत्तर आवडलं नाही. माणूस मार खातोय आणि तू बघत थांबतोस? पण प्रश्न विचारला गेला, लिहून ठेवला गेला आणि विचारणाऱ्याला कोणी पाखंडी म्हटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. टपरीवरचा माझा मित्र तेच तर विचारत होता.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. इव्हॅग्रियस. जन्म साधारण ३४५, काळ्या समुद्राच्या काठचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. हुशार, वक्ता, कॉन्स्टँटिनोपलमध्ये धर्मसभांच्या वर्तुळात चमकणारा. थोडक्यात, राजधानीत करिअर जोरात होतं. आणि तिथे तो एका बड्या अधिकाऱ्याच्या बायकोच्या प्रेमात पडला, तीही त्याच्या. एका रात्री त्याला स्वप्न पडलं की आपल्याला बेड्या घातल्यात, आणि स्वप्नातच त्याने शहर सोडायची शपथ घेतली. जाग आल्यावर त्याने विचार केला, शपथ स्वप्नातली असली म्हणून काय झालं, आणि सामान बांधून जहाज पकडलं. जेरुसलेमला पोचला, तिथे पुन्हा मन डळमळलं, सहा महिने तापाने फणफणला. मेलानिया नावाच्या एका खमक्या बाईने त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि मग तो इजिप्तच्या वाळवंटात गेला. तिथे 'केलिया', म्हणजे 'खोल्या', नावाची विरक्तांची वस्ती होती. हस्तलिखितं नकलून पोट भरायचा. ३९९ मध्ये तिथेच वारला. हा तपशील त्याचा शिष्य पॅलेडियस याच्यामुळे आपल्याला माहीत आहे.

इव्हॅग्रियसने जे केलं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. त्याने मोहांचे लॉग ठेवले. माणसाच्या मनात येणारे त्रासदायक विचार त्याने आठ प्रकारांत लावले: खादाडपणा, वासना, पैशाची हाव, खिन्नता, राग, एक कंटाळ्यासारखी गोष्ट (तिच्याकडे येतोच), मिरवण्याची हौस आणि गर्व. कुठला विचार कधी येतो, कशाच्या मागून येतो, काय बोलतो, सगळं टिपलं. मग एक अख्खं पुस्तक लिहिलं: असा विचार आला तर बायबलमधलं हे वचन त्याच्या तोंडावर मारा. अशा सुमारे पाचशे नोंदी, आठ भागांत. बगट्रॅकर आणि सोबत प्रत्येक बगचा पॅच!

आणि ती कंटाळ्यासारखी गोष्ट, 'अकेडिया'. लहानपणी आजी बजावायची की दुपारी बारा वाजता विहिरीकडे फिरकायचं नाही, ती वेळ वाईट. रात्रीची भुतं मला समजायची, पण टळटळीत उन्हातलं भूत कशाला असेल ते कळायचं नाही. इव्हॅग्रियसने वाचल्यावर कळलं. तो याला दुपारचा सैतान म्हणतो, हे नाव स्तोत्रांच्या ग्रीक अनुवादातून आलेलं. सकाळी दहाच्या सुमाराला येतो, दोनपर्यंत छळतो. सूर्य हलतच नाहीसं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो. साधू सारखा खिडकीतून बघतो, जेवायला किती वेळ आहे, कोणी भेटायला येतंय का. मग ही जागाच वाईट वाटायला लागते, हातातलं काम नकोसं होतं. इथे कोणाला कोणाबद्दल प्रेम राहिलेलं नाही. परवा अमका आपल्याला लागट बोलला. दुसरीकडे गेलो तर कमी मेहनतीत जास्त मिळेल, आणि देव काय, कुठेही भजता येतो! मंडळी, हे वाचताना मी क्युबिकलमध्ये होतो आणि दुसऱ्या टॅबमध्ये नोकरीची साइट उघडी होती.

आता मुद्दा. इव्हॅग्रियस म्हणतो की हे विचार मनात यावेत की येऊ नयेत, हे आपल्या हातात नाही. ते तिथे मुक्काम करतात की नाही, एवढंच आपल्या हातात आहे. वाक्य साधं आहे, पण त्याने केवढं ओझं उतरतं बघा. मोह होणं हा गुन्हा नाही, विश्वास कमी असल्याचा पुरावाही नाही. उलट वाळवंटातली समजूत अशी होती की ज्याला मोहच होत नाही त्याने काळजी करावी. बुटका योहान नावाच्या साधूची गोष्ट आहे. त्याने देवाला विनवून स्वतःचे सगळे विकार घालवून घेतले आणि एका वृद्धाला जाऊन सांगितलं की आता मी शांत आहे, एकही शत्रू उरला नाही. वृद्ध म्हणाला, जा, आणि लढाई परत माग. लढाईनेच माणूस पुढे जातो. आणि अम्मा सारा, ही तेरा वर्षं वासनेशी झगडली. तिने एकदाही हे थांबव म्हणून प्रार्थना केली नाही, फक्त बळ मागितलं.

हे सगळ्यांना पटलं असं नाही. इव्हॅग्रियस म्हणायचा की या सरावातून मन शेवटी विकारांपलीकडच्या शांततेला पोचतं. त्यावर संत जेरोम खवळला, अशी शांतता एकतर दगडाला असेल नाहीतर देवाला. पुढे इव्हॅग्रियसच्या काही वेगळ्याच, आत्म्याच्या जन्मापूर्वीच्या वगैरे, कल्पनांवरून सहाव्या शतकात त्याच्यावर पाखंडाचा शिक्का बसला. ते पाचशे नोंदींचं पुस्तक मूळ ग्रीकमध्ये हरवलंच, सिरियाक आणि आर्मेनियन अनुवादांत उरलं. बाकी काही लिखाण दुसऱ्याच्या नावावर तगलं. त्याच्या आठ विचारांची यादी मात्र जॉन कॅसियनने पाचव्या शतकात युरोपात नेली, आणि पोप पहिला ग्रेगरी याने फेरफार करून तिची सात पापं केली. ती सात पापं जगाला माहीत आहेत, हॉलिवूडलासुद्धा. मला हा बदल नुकसानीचा वाटतो. 'विचार'चं 'पाप' झालं की तपासायची गोष्ट लपवायची होते.

असो. कॅसियनने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे, आणि माझ्या मते मित्राच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ तीच जाते.

एक तरुण साधू वासनेच्या विचारांनी हैराण झाला. विश्वासाने एका म्हाताऱ्या साधूकडे गेला आणि सगळं सांगितलं. म्हातारा भडकला. असले विचार करणारा तू, साधू म्हणवून घ्यायची तुझी लायकी नाही. पोरगा पार खचला, आणि हे सोडून शहरात जाऊन लग्न करावं म्हणून निघाला. वाटेत अब्बा अपोलो भेटले. त्याचा चेहरा बघून त्यांनी खोदून खोदून विचारलं, आणि ऐकल्यावर म्हणाले, अरे, मी या वयाचा आहे, मलासुद्धा हे होतं. एक दिवस परत खोलीत जा, माझ्यासाठी म्हणून. पोरगा गेला. मग अपोलो त्या म्हाताऱ्याच्या खोलीबाहेर उभे राहिले आणि त्यांनी प्रार्थना केली की त्या पोराची लढाई या म्हाताऱ्याला दे. थोड्याच वेळात म्हातारा वेड्यासारखा आतबाहेर करायला लागला, आणि शेवटी त्याच वाटेने शहराकडे धावत सुटला. अपोलोंनी त्याला अडवलं. म्हणाले, परत जा. सैतानाने तुला आजवर ओळखलं तरी नव्हतं, किंवा लढण्याच्या लायकीचा तरी मानलं नव्हतं. तुला हे एवढ्यासाठी सोसायला लागलं की म्हातारपणी तरी दुसऱ्याची कीव करायला शिकशील.

'देव मोह का होऊ देतो' यावर पंडितांनी ग्रंथ लिहिलेत. स्वातंत्र्याशिवाय प्रेमाला अर्थ नाही, भट्टीशिवाय सोनं शुद्ध होत नाही वगैरे. चूक नसतील, पण ती उत्तरं पास झालेल्यांना शोभतात. नापास झालेल्या माणसाला सोनं-भट्टी सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. अपोलोंच्या गोष्टीत मोहाचा उपयोग झाला तो म्हाताऱ्याला, आणि तोही दुसऱ्याचं दुःख कळण्यापुरता. देव हे का होऊ देतो याचं पूर्ण उत्तर यात आहे असं मी म्हणणार नाही. ती पार्टी आणि तो ग्लास टळला असता तर बरं झालं असतं, असंच मला आजही वाटतं.

मित्राला ही गोष्ट फोनवर सांगितली. तो आता पुन्हा वळसा घालून घरी जातो. पाच महिने झाले. खूप वेळ हसला, मग विचारलं, "त्या म्हाताऱ्याचं नाव काय रे?"

"दिलेलं नाही."

"आणि त्या पोराचं पुढे काय झालं?"

मी पुन्हा एकदा पान उघडून बघितलं. त्या दिवशी तो खोलीत परत गेला, एवढंच कॅसियनने लिहिलंय.