ऐकण्याचें शास्त्र

माणसांनीं एकत्र येऊन काम करावयाचें म्हटलें कीं कोणी कोणास काय सांगावें, कोणत्या वाटेनें सांगावें, आणि सांगितलेलें पोंचलें कीं नाहीं हें कसें ओळखावें, हे प्रश्न उभे राहतातच. मराठेशाहींतील चिटणीस आणि फडणीस यांच्या दप्तरांना ते ठाऊक होते. कोणास कोणत्या मायन्याचें पत्र जावें हें तेथें बारकाईनें पाहिलें जाई. परंतु हें ज्ञान जाणत्याच्या हाताखालीं उमेदवारी करून मिळवावयाचें होतें. एकाद्या विद्यापीठानें त्यासाठीं अध्यापक नेमावे, परीक्षा घ्याव्या आणि पदवी द्यावी, ही कल्पना विसाव्या शतकांतली असून ती अमेरिकेंत रुजली. संस्थांतर्गत संज्ञापन हा मुख्य विषय घेऊन तेथें आज विद्यार्थी पदवीधर होतात. हा विषय विद्यापीठांत आला कसा, आणि आला तो कोणाच्या सोयीसाठीं, याचा इतिहास उद्बोधक आहे.

त्याचें मूळ आगगाडीच्या रुळांवर सांपडतें. ५ ऑक्टोबर १८४१ रोजीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील वेस्टर्न रेलरोडच्या एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊन आदळल्या; दोन माणसें दगावलीं व अनेक जखमी झालीं. या अपघातानंतर कंपनीनें कोणाचा अधिकार कोठवर आणि कोणी कोणास वर्दी द्यावयाची, हें लेखी ठरवून टाकलें. पुढें ईरी रेलरोडचे अधीक्षक डॅनियल मॅक्कॅलम यांनीं १८५५ साली आपल्या कंपनीचा एक आराखडा काढविला. त्यांत संचालक मंडळ मुळाशीं असून खात्यांच्या फांद्या वर पसरत गेलेल्या दिसतात. पन्नास मैलांच्या मार्गावर अधीक्षकाला जातीनें नजर ठेवतां येते, पांचशें मैलांवर ती ठेवतां येत नाहीं; तेथें तारायंत्र आणि नियमित अहवाल यांवांचून गत्यंतर नाहीं, असा त्यांचा विचार होता. व्यवस्था उत्तम, पण तिच्या कडक नियमांविरुद्ध इंजिन चालविणाऱ्यांनीं संप केले. हुकूम खालीं नेण्याची वाट तयार झाली होती. खालच्या माणसाचें गाऱ्हाणें वर नेण्याची वाट अद्याप कोणी आंखली नव्हती.

ती वाट शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यांत झाला. उजेड वाढविल्यानें काम वाढतें काय, एवढाच साधा प्रश्न घेऊन १९२४ साली तेथें प्रयोग सुरू झाले. आणि उजेड कमी केला तरी काम कमी होईना, असें पाहून शास्त्रज्ञ चकित झाले. १९२७ साली रिले जोडणाऱ्या पांच मुलींना निराळ्या खोलींत बसवून त्यांच्या कामाचें निरीक्षण सुरू झालें. हार्वर्डचे एल्टन मेयो या कार्याशीं जोडले गेले. पुढें १९२८ ते १९३० या अवधींत सुमारे एकवीस हजार कामगारांच्या मुलाखती घेण्यांत आल्या. आरंभीं मुलाखत घेणारे ठराविक प्रश्न विचारीत. पण कामगार भलत्याच विषयावर बोलूं लागत. शेवटीं प्रश्नांची यादी बाजूला ठेवून ज्याला जें बोलावयाचें तें बोलूं द्यावें, असें ठरलें. ऐकणें हीहि एक शिकण्याजोगी विद्या आहे, हा शोध येथें लागला.

परंतु याच प्रयोगाची दुसरी बाजू विसरतां येत नाहीं. निरीक्षणाच्या खोलींतील पांच मुलींपैकीं दोघींना जानेवारी १९२८ मध्यें तेथून काढण्यांत आलें. त्या फार बोलतात, ही त्यांच्याविरुद्धची मुख्य तक्रार होती. त्यांच्या जागीं आलेल्या मुलींनीं कामाचा वेग वाढविला, आणि तो वाढलेला वेग पुढें मोकळ्या वातावरणाचा विजय म्हणून गाजला! ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ अॅलेक्स कॅरी यांनीं १९६७ साली या पुराव्याची कठोर तपासणी करून ही विसंगति चव्हाट्यावर आणली. मुलाखतींचें कार्यहि आर्थिक मंदींत थांबलें. म्हणजे कामगारांच्या तोंडीं सर्वांत अधिक सांगण्यासारखें असेल, त्याच काळांत ऐकणारे कान बंद झाले.

या विषयाला तात्त्विक बैठक दिली ती एका टेलिफोन कंपनीच्या अध्यक्षानें. न्यू जर्सी बेल कंपनीचे चेस्टर बर्नार्ड हार्वर्डमध्यें शिकले होते, पण पदवी न घेतांच बाहेर पडले होते. त्यांनीं १९३७ साली बोस्टनच्या लोवेल इन्स्टिट्यूटमध्यें दिलेलीं व्याख्यानें विस्तारून १९३८ साली ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. संज्ञापनाची व्यवस्था उभारणें व ती राखणें हें अधिकाऱ्याचें पहिलें काम होय, असें त्यांनीं प्रतिपादिलें. त्यांचा दुसरा विचार अधिक धाडसाचा होता: अधिकार हा हुकूम देणाऱ्याच्या खुर्चींत नसतो, हुकूम ज्याला दिला त्यानें तो मान्य केला तरच अधिकार अस्तित्वांत येतो. हाताखालच्या माणसाचें समजणें आणि पटणें यांवर सारी इमारत उभी आहे, हें एका मालकपक्षाच्या माणसानेंच सांगितलें.

दुसऱ्या महायुद्धानें या विचाराला वेग दिला. कारखान्यांत नवशिक्यांची भरती झाली, मुकादमांना शिकवावें कसें हेंच शिकवावें लागलें, आणि लष्कर, कारखानदार व विद्यापीठें हीं एकमेकांच्या निकट आलीं. याच वेळीं विद्यापीठांत वक्तृत्वाचे अध्यापक होतेच. त्यांच्यापैकीं सतरा जणांनीं १९१४ साली इंग्रजीच्या अध्यापकांपासून वेगळे होऊन आपली स्वतंत्र संस्था काढली होती. सभेंत उभें राहून बोलावें कसें, हें ते शिकवीत. पण कारखान्यांत सभा क्वचित् भरते. तेथें दोघांतिघांचें बोलणें, सूचनाफलक, अहवाल आणि कुजबूज हीच वाणी असते. वक्तृत्वाच्या जुन्या विद्येला हें नवें क्षेत्र मिळालें. १९५० साली संज्ञापनाच्या अभ्यासासाठीं एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तीच १९६९ पासून इंटरनॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन या नांवानें ओळखली जाते.

इंडियाना संस्थानांतील पर्ड्यू विद्यापीठ हें या विषयाचें मोठें पीठ ठरलें, आणि तेथील प्राध्यापक डब्ल्यू. चार्ल्स रेडिंग यांना पुष्कळ जण या विद्याशाखेचे जनक मानतात. बोलणाऱ्यानें काय सांगितलें यापेक्षां ऐकणाऱ्यानें काय घेतलें हेंच खरें, हें त्यांच्या शिकवणीचें सार होय. १९७२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं चांगल्या संस्थेच्या वातावरणाचीं पांच लक्षणें सांगितलीं: वरिष्ठांचा आधार, निर्णयांत सर्वांचा सहभाग, विश्वास, मोकळेपणा, आणि कामाचें उच्च ध्येय. या पांचांत सुंदर भाषणाला स्थान नाहीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

पर्ड्यूचेच डॉक्टर फिलिप टॉम्प्किन्स १९६७ साली अलाबामांतील हंट्सव्हिल येथें मार्शल अंतराळ केंद्राचा अभ्यास करण्यास गेले. तेथें वेर्न्हर फॉन ब्राउन यांची एक साधी रीत त्यांना आढळली. दर सोमवारीं हाताखालच्या प्रमुखांनीं आठवड्याच्या अडचणी एका पानांत लिहून द्यावयाच्या. फॉन ब्राउन समासांत स्वतःच्या हातानें शेरे मारीत, आणि ते सारे कागद शेऱ्यांसह सर्व प्रमुखांकडे परत जात. त्यामुळें एकाची अडचण दुसऱ्याला कळे, आणि वरिष्ठानें वाचलें आहे याचा पुरावा प्रत्येकाच्या हातीं येई. हे टिपण लिहावयाचें म्हणून प्रमुखहि आपल्या हाताखालच्यांकडून माहिती मागवूं लागले. एका पानाच्या कागदानें वर जाणारी वाट मोकळी ठेवली होती.

तीच वाट बुजली म्हणजे काय होतें, याचें उत्तरहि त्याच केंद्राच्या इतिहासांत आहे. ‘चॅलेंजर’ यानाच्या अग्निबाणांचे सांधे थंडींत दगा देतील, अशी भीति ते बनविणाऱ्या थायोकोल कंपनीचे अभियंते रॉजर बॉइजोली यांनीं जुलै १९८५ मध्येंच लेखी कळविली होती. २७ जानेवारी १९८६ च्या रात्रीं टेलिफोनवर मोठी चर्चा झाली, आणि उड्डाण करूं नये असें अभियंत्यांनीं सांगितलें. केंद्राच्या अधिकाऱ्यांना तें रुचलें नाहीं. कंपनीच्या व्यवस्थापकांनीं आपसांत खल केला. अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घाला, असें त्यांच्यांतील एकाला सांगण्यांत आलें. आणि सल्ला फिरविला गेला. दुसऱ्या दिवशीं उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झालें व सातहि जण मृत्युमुखीं पडले. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांना आदल्या रात्रींचा विरोध कळलाच नव्हता, असें चौकशी आयोगास आढळून आलें.

समाजशास्त्रज्ञ डायेन व्हॉन यांनीं १९९६ साली या प्रकरणावर लिहितांना एक इशारा दिला. निरोप पोंचला नाहीं एवढेंच म्हणून भागत नाहीं. लहान धोका रोज पाहून पाहून तो धोका वाटेनासा होतो, आणि मग सांगितलेलें कानीं पडूनहि मनांत शिरत नाहीं. या विषयाचे अभ्यासकहि याच दिशेनें वळले होते. १९८१ साली यूटामधील आल्टा येथें भरलेल्या परिषदेनंतर, निरोप म्हणजे नळांतून वाहणारें पाणी ही जुनी कल्पना मागें पडत गेली, आणि माणसें बोलण्यांतूनच आपली संस्था घडवितात, हा विचार बळावला.

आज हा विषय घेणारा विद्यार्थी मुलाखत, गटाचा निर्णय, तंटा मिटविणें, संस्थेच्या संज्ञापनाची तपासणी इत्यादि गोष्टी शिकतो. कारखानदारांच्या गरजेंतून जन्मल्यामुळें ही विद्या मालकाची दासी होण्याचा धोका तिला जन्मापासून आहे; गोड शब्दांत हुकूम गुंडाळणें एवढेंच तिचें कार्य मानणारे कमी नाहींत. परंतु हॉथॉर्नच्या त्या दोन मुली आणि थायोकोलचे अभियंते यांचा इतिहास तिला दुसरें कर्तव्य शिकवितो. वाईट बातमी खालून वर, न बदलतां आणि वेळेवर पोंचविण्याची सोय जी संस्था करील, तिच्या उपयोगी ही विद्या खऱ्या अर्थानें पडली असें म्हणतां येईल. हुकूम खालीं नेण्यास माणसें नेहमींच मिळतात. अप्रिय सत्य वर नेणाऱ्याला वाट आणि अभय हीं दोन्ही करून द्यावीं लागतात.