विषाचा उतारा विषातच



आषाढातली रात्र. बाहेर पावसाची झड लागलेली, घरातली माणसे भुईवर वाकळ टाकून निजलेली. पहाटे पोर उठते ते पोट दुखते म्हणत. अंगावर जखम दिसत नाही, सूज नाही. आई ओवा चावायला देते. घटकाभराने पोराच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, आवंढा गिळवत नाही. तेव्हा कुठे म्हातारी आजी म्हणते, 'अरे, ह्याला पान तर लागलं नाही ना?' मण्यारचा दंश असाच चोरपावलांनी येतो. आता गाडी कुठे वळवायची, देवळाकडे की दवाखान्याकडे? या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने सव्वाशे वर्षांपूर्वी दिले आहे. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

पूर्वी सर्पदंशावर उपाय का थोडे होते? मुळ्या होत्या, मणी होते, डाग देणे होते. कलकत्त्याचे डॉक्टर जोसेफ फेरर यांनी भारतातील विषारी सापांवर प्रयोग करून १८७२ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पण त्यांनाही हमखास औषध सापडले नाही.

वाट दाखवली ती दुसऱ्याच रोगांनी. १८९० साली जर्मनीत बेरिंग आणि कितासातो या दोघांनी दाखवून दिले, की धनुर्वाताचे विष थोडे थोडे टोचून जनावराला सवय लावली, तर त्याच्या रक्तात त्या विषावरचा उतारा तयार होतो, आणि तो दुसऱ्या जनावराला देता येतो. मग हीच गोष्ट सापाच्या विषाची का होऊ नये?

त्याच सुमारास आल्बेर काल्मेत नावाचे तरुण फ्रेंच डॉक्टर व्हिएतनाममधील सायगावच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १८९१ साली पुरामुळे एका गावात नाग शिरले, माणसे दगावली. गावकऱ्यांनी पकडलेले नाग काल्मेत यांच्याकडे पाठवण्यात आले आणि त्यांचे विषावरचे काम सुरू झाले. १८९४ साली पॅरिसमध्ये काल्मेत यांनी, आणि त्याच वेळी फिसालि व बर्त्रां या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे, सर्पविषावरील उतारा जाहीर केला.

काल्मेत यांची समजूत अशी, की नागाच्या विषावरचा हा उतारा सगळ्याच सापांना चालेल. इथे ते चुकले. ब्राझीलमधील डॉक्टर व्हितल ब्राझिल यांनी तिथल्या सापांवर तो वापरून पाहिला, तर गुण येईना. ज्या जातीचे विष, त्याच जातीचा उतारा, हे त्यांनी सिद्ध केले. भारतात डॉक्टर जॉर्ज लॅम यांचेही संशोधन हेच सांगत होते. कुलूप निराळे तर किल्लीही निराळी, हे तर आपल्यालाही ठाऊक आहे!

आपल्याकडे बहुतेक बळी घेणारे साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर घाला घालते, श्वास बंद पडतो. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त बिघडवते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. चावलेला साप नेमका कोणता, हे घाबरलेल्या माणसाला कुठून सांगता येणार? म्हणून चारही विषांवर चालणारा एकच उतारा तयार करण्यात आला. मुंबईत परळला, वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगच्या लशीसाठी उभारलेल्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन संस्था हे नाव मिळाले. याच संस्थेने पुढे अनेक वर्षे हे औषध बनवले.

ते बनते कसे? जिवंत सापाला काचेच्या भांड्यावरच्या पातळ पडद्याला चावायला लावून विष काढतात. तमिळनाडूत इरुळा आदिवासींची सहकारी संस्था १९७८ पासून हे काम करते. साप मारून कातडे विकणारे हात आता विष काढून साप पुन्हा सोडून देतात. ते विष धडधाकट घोड्याला अगदी अल्प प्रमाणात, मग थोडे वाढवून टोचतात. घोड्याचे रक्त काढून त्यातला उतारा वेगळा करतात आणि वाळवून भुकटीच्या रूपात कुपीत भरतात.

लोक याला 'सापाची लस' म्हणतात. ती आधी टोचून घ्यायची लस नव्हे, दंशानंतरचे औषध आहे. रक्तात फिरणारे विष ते धरून ठेवते. मज्जातंतूंना चिकटून बसलेले विष मात्र सहसा सुटत नाही. म्हणून वेळ मोलाची. घोड्याच्या रक्तातून आल्यामुळे काहींना ते बाधते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे.

संशोधन थांबलेले नाही. एकाच जातीच्या सापाचे विष प्रांताप्रांतात बदलते, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दिसून आले आहे. २०२५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी माणसाच्या रक्तातून मिळालेली दोन प्रतिद्रव्ये आणि एक औषध यांचे मिश्रण उंदरांवर वापरले. नाग-मण्यारच्या कुळातील १९ जातींच्या विषांपासून कमीअधिक बचाव झाला. माणसांसाठी ते सिद्ध व्हायचे आहे. पण २०२० सालच्या अभ्यासानुसार भारतात वर्षाला सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने मरतात, आणि हे बहुतेक मृत्यू खेड्यांतले. औषध असून हे का घडते? वेळेवर पोचत नाही म्हणून.

आता कुणी म्हणेल, मांत्रिकाने उतरवलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. खरे आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. ती माणसे मंत्राविनाही वाचलीच असती. ज्याला खरोखर विष भिनले, त्याची घटका मात्र मंत्रात जाते.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, मुलांना हे शिकवा. जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. अंगठी, बांगडी, जोडवी काढावीत. चावलेला हात-पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा, धीर द्यावा, चालवू नये. साप मारायच्या मागे लागू नये. आणि गाडी थेट दवाखान्याकडे वळवावी.

त्या पहाटे आजीला आठवण झाली, हे पोराचे नशीब. आपण ते नशिबावर सोडू नये, एवढेच सांगणे.