साउथ ब्लॉकच्या दाराबाहेर

१९४७ च्या मार्चअखेर दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आशियाई देशांची परिषद भरली आणि व्यासपीठावरच्या एका नकाशावरून वादाला तोंड फुटलं. नकाशात तिबेट चीनपासून वेगळा दाखवला होता. चिनी प्रतिनिधींनी तक्रार केली, नकाशा बदलावा लागला. गंमत अशी की, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या भारतात भरलेल्या या परिषदेचं यजमान सरकार नव्हतं. ती भरवली होती इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स या खासगी संस्थेनं. याच संस्थेच्या पोटी पुढे आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदव्युत्तर अभ्यासाची भारतातली पहिली शाळा जन्माला आली.

कौन्सिल १९४३ साली निघाली. संस्थापकांत तेजबहादूर सप्रू होते आणि हृदयनाथ कुंझरूही. कुंझरू अलाहाबादचे, पण त्यांचा सार्वजनिक पिंड घडला पुण्याच्या शिस्तीत. गोखल्यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात ते तरुणपणीच दाखल झाले आणि १९३६ पासून त्याचे अध्यक्ष राहिले. आधी अभ्यास, मग मत, हा गोखल्यांचा खाक्या त्यांनी परराष्ट्र व्यवहारांनाही लावला. कौन्सिलनं संस्था म्हणून कोणत्याही प्रश्नावर स्वतःचं मत द्यायचं नाही, असा नियमच होता. मत अभ्यासकाचं, जबाबदारीही त्याचीच.

सप्रू १९४९ साली वारले. बाराखंबा रोडवर त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या सप्रू हाउसचं उद्घाटन नेहरूंनी मे १९५५ मध्ये केलं. बांडुंगची आशियाई-आफ्रिकी देशांची परिषद आटोपून जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्याच ऑक्टोबरात तिथे इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झालं. संचालक अंगडीपुरम अप्पादोराई. कौन्सिलचे चिटणीस म्हणून पुराना किल्ल्यातल्या परिषदेची धावपळ त्यांनी सांभाळली होती. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र ते ‘द सब्स्टन्स ऑफ पॉलिटिक्स’चे लेखक म्हणून ठाऊक होते. त्या पुस्तकावर कॉलेजातल्या कित्येक पिढ्यांनी परीक्षा काढल्या.

तोवर आपल्याकडे हा विषय राज्यशास्त्राच्या एम.ए.तला एखादा पेपर असे. मुंबई विद्यापीठात १९४८ साली नागरिकशास्त्र आणि राज्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला, पण त्याचा भर नावातच दिसतो. दिल्लीच्या या स्कूलमध्ये एम.ए. नव्हतंच. थेट पीएच.डी. आधी दिल्ली विद्यापीठाशी संलग्न आणि १९६१ पासून अभिमत विद्यापीठ.

अडचण वेगळीच होती. ज्या परराष्ट्र धोरणावर प्रबंध लिहायचा, त्याची कागदपत्रं साउथ ब्लॉकमधल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या कपाटांत बंद. लंडनच्या संशोधकाला जुन्या फायली कधी ना कधी उघडून मिळत; दिल्लीतल्या विद्यार्थ्याला आपल्याच सरकारनं काल काय केलं, हे कळायला वर्तमानपत्र उघडावं लागे. म्हणून सप्रू हाउसच्या ग्रंथालयातली खरी संपत्ती होती कात्रणं. देशोदेशीची वर्तमानपत्रं रोज वाचायची, मजकूर कापायचा, विषयवार लावून ठेवायचा. नेपाळची कात्रणं एकीकडे, निःशस्त्रीकरणाची दुसरीकडे. त्यांच्या जोडीला संसदेतल्या चर्चांचे खंड, संयुक्त राष्ट्रांचे दस्तऐवज. त्या काळच्या प्रबंधांतल्या तळटीपा चाळल्या की हे लगेच जाणवतं. अशा अभ्यासाला मर्यादा होत्याच. निर्णय काय झाला हे त्यातून कळे, तो का झाला याचा बराचसा अंदाजच बांधावा लागे. पण दुसऱ्या देशाकडे भारतीय नजरेनं पाहायचं, त्यासाठी जमलं तर तिथे जाऊन राहायचं, ही सवय इथे लागली. १९५९ पासून निघू लागलेल्या ‘इंटरनॅशनल स्टडीज’ या त्रैमासिकात त्याचं फळ दिसतं.

मग १९६२ चं युद्ध झालं. चीनवर बोलणारे पुष्कळ, चिनी वाचू शकणारे किती, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनाच बोचला, आणि देशोदेशींच्या अभ्यासाला एकाएकी भाव आला.

जून १९७० मध्ये स्कूल नव्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झालं आणि स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज या नावानं चालू लागलं. तिथले पहिले कुलगुरू जी. पार्थसारथी स्वतः मुत्सद्दी, पेकिंगला राजदूत राहिलेले. १९७३-७४ मध्ये एम.ए. सुरू झालं आणि दार खऱ्या अर्थानं रुंदावलं. गावोगावचे पदवीधर प्रवेश परीक्षा देऊन येऊ लागले. आजचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांची पीएच.डी. जेएनयूचीच.

मागे उरलेल्या सप्रू हाउसची मात्र परवड झाली. जिथे जगभरचे पाहुणे भाषणं देऊन गेले, त्या सभागृहात सत्तर-ऐंशीच्या दशकांत द्व्यर्थी विनोदांची पंजाबी नाटकं हाउसफुल्ल चालत. दिल्लीकरांच्या एका पिढीला सप्रू हाउस म्हटलं की तीच आठवतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. अखेर २००१ च्या कायद्यानं कौन्सिल राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली आणि केंद्र सरकारच्या छत्राखाली गेली. कुंझरूंनी वर्षानुवर्षं सांभाळलेलं अध्यक्षपद आता उपराष्ट्रपतींकडे पदसिद्ध असतं.