विभक्त यंत्र आणि कार्यालयीन व्हीपीएन : एका दोषाचा इतिहास

संगणकाच्या इतिहासात यंत्रांच्या जन्मतिथी आणि त्यांच्या कर्त्यांची नावे यांवरच सामान्यतः भर दिला जातो. यंत्रे कोठे व का अडतात, याचा इतिहास उपेक्षित राहतो. प्रस्तुत टिपणात अशाच एका अडचणीची मीमांसा करावयाची आहे. क्यूब्ज ओएस या सुरक्षिततेस प्राधान्य देणाऱ्या, लिनक्सचा आधार घेणाऱ्या प्रणालीवर कार्यालयाचे व्हीपीएन, म्हणजे सार्वजनिक जाळ्यातून नेलेला सांकेतिक मार्ग, जोडला असता जोडणी झाल्याचे चिन्ह दिसते. पण कार्यालयातील एकही पान उघडत नाही. हा दोष एखाद्या कारागिराच्या चुकीतून उद्भवत नसून, विश्वासाविषयीच्या दोन भिन्न कल्पनांच्या सांध्यावर तो वसलेला आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

पहिली कल्पना व्हीपीएनची. १९९५ मध्ये आयपीसेकचे पहिले मसुदे प्रसिद्ध झाले. १९९९ मध्ये पीपीटीपीचे वर्णन आले. २००१ मध्ये जेम्स योनान यांनी ओपनव्हीपीएन प्रथम प्रसृत केले. या रचनांच्या प्रचलित वापरामागे एक गृहीत होते : कर्मचाऱ्याचे यंत्र हे एक व अखंड असून, मार्ग जुळताच ते सबंधच्या सबंध कार्यालयाच्या भिंतीआड येऊन बसते.

दुसरी कल्पना याच्या नेमकी उलट आहे. एकाच यंत्रातील भाग जणू निरनिराळी यंत्रे आहेत असे मानून ते विभक्त ठेवावेत, हा विचार जॉन रश्बी यांनी १९८१ मध्ये मांडला. केंब्रिज विद्यापीठात सिद्ध झालेल्या झेनने २००३ मध्ये सामान्य संगणकावर अशा विभागणीचा व्यवहार्य मार्ग दाखविला. त्याच्याच आधारे वॉर्सा येथील योआना रुत्कोव्स्का व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये क्यूब्ज जाहीर केले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१२ मध्ये निघाली. येथे नोकरीचे काम एका कप्प्यात, खासगी व्यवहार दुसऱ्यात, जाळ्याचे यंत्रभाग तिसऱ्यात, तर पहारा चौथ्यात असतो. तेव्हा 'यंत्र कार्यालयास जोडले' या वाक्यातील 'यंत्र' म्हणजे कोणता कप्पा, हाच प्रश्न उरतो. कामाचा कप्पा आणि पहाऱ्याचा कप्पा यांच्या मध्ये व्हीपीएनचा स्वतंत्र कप्पा बसवावा, हे त्याचे रूढ उत्तर होय.

आता दोषाचे थर पाहू. पहिला थर नावांच्या उलगड्याचा. कामाचा कप्पा आपली पृच्छा १०.१३९.१.१ वा १०.१३९.१.२ या काल्पनिक पत्त्यांवर धाडतो. पुढचा कप्पा ती खऱ्या उत्तरदात्याकडे वळवितो. मार्ग जुळल्यावर हे वळण बदलले नाही, तर कार्यालयीन नावे व्हीपीएनच्या कप्प्यात उलगडतात, परंतु कामाच्या कप्प्यात उलगडत नाहीत. म्हणून दोन्ही ठिकाणी स्वतंत्र तपास करणे अगत्याचे ठरते. दुसरा थर पुडक्यांच्या आकाराचा. इथरनेटची १५०० बाइटांची मर्यादा सांकेतिक वेष्टनामुळे आतील मजकुरापुरती घटते. छोटे संदेश पार होतात, मोठी पाने मात्र अर्ध्यावर थिजतात. मार्गाची मर्यादा शोधण्याची रीत १९९० मध्येच लिहिली गेली होती. परंतु वाटेतील पहारेकरी 'पुडके फार मोठे आहे' हा निरोपच अडवितात, तेथे ती निष्फळ होते. तिसरा थर स्मृतीचा. सामान्य कप्प्याचा मूळ भाग प्रत्येक आरंभी साच्यावरून नव्याने घेतला जातो. त्यात केलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी नाहीशी होते. ती कप्प्याच्या खासगी भागात ठेवली तर टिकते.

चौथा थर इतिहासाच्या अभ्यासकास विशेष परिचित वाटेल. डिसेंबर २०२३ मधील ४.२ या आवृत्तीने पहाऱ्याचे नियम आयपीटेबल्सऐवजी एनएफटेबल्सच्या भाषेत नेले. तत्पूर्वीची मार्गदर्शिका जशीच्या तशी अनुसरणाऱ्यास अपयश येते, ते मार्गदर्शिका खोटी असल्यामुळे नव्हे. तिचा काळ उलटलेला असतो. साधनाचा कालनिर्णय केल्यावाचून त्याचा आधार घेऊ नये, हा आपल्या शास्त्राचा नियम येथेही लागू पडतो.

सर्वांत घातक मात्र तो उपाय, जो तत्काळ यशस्वी होतो. व्हीपीएन थेट जाळ्याच्या कप्प्यात बसविले की पाने उघडतात. पण गुप्त किल्ल्या सर्वांत उघड्या कप्प्यात जातात, आणि खासगी व्यवहारही कार्यालयाच्या मार्गाने वाहू लागतो. त्याचप्रमाणे मार्ग तुटल्यास वाहतूक रोखणारा नियम घातला नसेल, तर कामाची वाहतूक नकळत त्या मार्गाबाहेरून जाऊ लागते, आणि पडद्यावर त्याची चाहूलही लागत नाही.

तात्पर्य, जोडणी पूर्ववत होणे ही दुरुस्तीची अर्धीच कसोटी होय. ज्या विभागणीसाठी ही प्रणाली स्वीकारली, ती दुरुस्तीनंतरही शाबूत आहे की नाही, हे पडताळल्यानंतरच काम पुरे झाले असे मानावे.